नकाराच्या चिठ्ठीवरचे कलम

अमेरिकेतल्या जोडीदाराकडे कायमचे राहायला जायचे ठरले की वारज्यातल्या माणसाचे पहिले हेलपाटे पुण्यातच सुरू होतात. लग्न इथेच नोंदवलेले असेल तर दाखला महापालिकेच्या वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयातून मिळतो. पोलिसांच्या ना-हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज पासपोर्ट खात्याकडे करायचा आणि पडताळणी वारजे माळवाडी पोलीस ठाण्यातून व्हायची. जन्म गावाकडे झाला असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जुनी नोंदवही उघडावी लागते. हे सगळे जमवून, मेडिकल उरकून, एके दिवशी पहाटे मुंबईची वाट धरायची. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत. खिडकीपलीकडचा अधिकारी काही मिनिटे प्रश्न विचारतो आणि कधीकधी ‘अभिनंदन’ म्हणण्याऐवजी एक छापील चिठ्ठी सरकवतो.

त्या संध्याकाळी घरात रडारड होते, नवऱ्याला तिकडे भल्या सकाळी उठवले जाते, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ‘आपल्या ओळखीचा एक माणूस आहे’ असे सांगत येते. या गडबडीत चिठ्ठी मात्र कोणी नीट वाचलेली नसते. तिच्यावर अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या कलमाचा आकडा असतो. पुढे काय करता येईल, किती दिवसांत करायला हवे, कोणी करायला हवे आणि त्यासाठी वकील लागेल की नुसता एक कागद, हे सगळे त्या आकड्यावर ठरते.

नाकारले कोणी?

लग्नावर आधारलेले ग्रीन कार्ड एका अर्जाने मिळत नाही. आधी अमेरिकेतला जोडीदार ‘आय-१३०’ नावाचा अर्ज करतो. तो तिथल्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे जातो. एप्रिल २०२४ पासून त्याचे शुल्क कागदी अर्जाला ६७५ डॉलर आणि ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर आहे. हा अर्ज मंजूर झाला तर एवढेच सिद्ध होते की या दोघांचे नाते कायद्याने खरे आहे. अमेरिकेत येण्याची परवानगी ही वेगळी पायरी. बायको वारज्यात असेल तर ती परवानगी परराष्ट्र खात्याचा मुंबईतला अधिकारी देतो. ती आधीच अमेरिकेत असेल तर ‘आय-४८५’ हा दुसरा अर्ज तिथेच, पुन्हा यूएससीआयएसकडे करता येतो. नवरा अमेरिकी नागरिक असेल तर संख्येची मर्यादा नाही. तो स्वतः ग्रीन कार्डधारक असेल तर वार्षिक कोट्याच्या रांगेत उभे राहावे लागते.

तेव्हा नकारही तीन ठिकाणी मिळू शकतो आणि प्रत्येकाचा पुढचा मार्ग निराळा.

आय-१३० फेटाळला गेला तर वॉशिंग्टनजवळच्या ‘बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्स’कडे, म्हणजे अपील मंडळाकडे, दाद मागता येते. मुदत फक्त ३० दिवसांची, निर्णय टपालाने आला असेल तर ३३. आणि हे अपील करण्याचा हक्क अर्ज करणाऱ्याचा, म्हणजे अमेरिकेतल्या जोडीदाराचा. ज्या मुलीचे आयुष्य त्या अर्जावर टांगलेले आहे तिला किंवा तिच्या वडिलांना हा हक्क नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातला कितीही नाणावलेला वकील गाठला तरी हे अपील वारज्यातून होत नाही. ते न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या जावयाला करावे लागते. बऱ्याच घरांत तीस दिवसांतले पहिले पंधरा ही गोष्ट उमगण्यातच जातात.

आय-४८५ फेटाळला गेला तर सरळ अपीलच नाही. ‘प्रकरण पुन्हा उघडा’ किंवा ‘निर्णयाचा फेरविचार करा’ अशी विनंती तेवढ्याच मुदतीत करता येते. मात्र त्या वेळी अर्जदाराकडे अमेरिकेत राहण्याचा दुसरा कोणताही कायदेशीर आधार उरला नसेल, तर हद्दपारीच्या सुनावणीची नोटीस येण्याची शक्यता दाट असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूएससीआयएसने याबाबतचे धोरण कडक केले. विरोधाभास असा की त्या सुनावणीत इमिग्रेशन न्यायाधीशापुढे तोच अर्ज पुन्हा मांडता येतो. या टप्प्यावर वकिलाशिवाय पाऊल टाकणे फार धोक्याचे.

तिसरा नकार मुंबईतल्या खिडकीचा. वारज्यातल्या बहुतेकांना तोच भेटतो.

२२१(जी): अडलेली फाइल

चिठ्ठीवर २२१(जी) असेल तर काही कागद कमी आहेत किंवा काही तपास बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याच्या भाषेत हाही नकारच. पण त्यावर तोड असते. नकाराच्या दिवसापासून एक वर्षाच्या आत कमी पडलेला पुरावा दिला तर त्याच प्रकरणाचा, नवे शुल्क न भरता, पुन्हा विचार होतो. वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर मात्र नोंदणी रद्द होण्याची वेळ येते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

मराठी घरांत असा खोळंबा होण्याचे एक कारण नावांत आहे. लग्नाआधी मुलीच्या नावामागे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. लग्नानंतर मधले नाव नवऱ्याचे, आडनाव सासरचे, आणि काही घरांत पहिले नावही बदललेले. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे, लग्नाच्या दाखल्यावर चौथे. अमेरिकी अधिकाऱ्यापुढे ही एका बाईची चार नावे नसतात. एकच बाई असल्याचे सिद्ध न झालेल्या चार बायका असतात. इलाज साधा आहे: महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात, सगळी नावे एका व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, आणि अर्जातल्या ‘पूर्वीची नावे’ या रकान्यात प्रत्येक नावाचा उल्लेख. जुन्या पिढीतल्या अर्जदाराचा जन्मदाखला सापडतच नाही. तेव्हा ‘नोंद उपलब्ध नाही’ असा ग्रामपंचायतीचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणि शाळा सोडल्याचा दाखला अशी जोडणी करावी लागते. यासाठी शेकडो डॉलर तासाला घेणारा वकील लागत नाही. चिकाटी आणि झेरॉक्सचे दुकान पुरते.

दुसरे नेहमीचे कारण पैशाचे. बायको सरकारी मदतीवर जगणार नाही, अशी हमी नवऱ्याला ‘आय-८६४’ या प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. त्याचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट हवे. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५ च्या आकड्यांनुसार ते वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होते. नुकतीच नोकरी गेलेल्या किंवा अजून शिकत असलेल्या जावयाचे घोडे इथे अडते. मग वारज्यातले सासरे म्हणतात, ‘माझा फ्लॅट आहे ना, दाखवा तो.’ पण सासरे जामीन राहू शकत नाहीत. जोड-जामीनदार अमेरिकेत राहणारा आणि तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. फ्लॅट मुलीच्या स्वतःच्या नावावर असेल आणि वर्षभरात विकून पैसे करण्याजोगा असेल, तर त्याची किंमत हिशेबात धरता येते. तीही तूट जितकी असेल तिच्या तिप्पट, नवरा नागरिक नसेल तर पाचपट भरायला हवी. वडिलांच्या नावावरच्या मालमत्तेने हे काम होत नाही.

लग्न खरे, कागद तोकडे

आता त्याहून अवघड प्रकार. लग्न चारशे माणसांच्या पंगतीत झालेले, पण यूएससीआयएसला ते पटलेले नाही.

१९८३ मधल्या ‘लॉरियानो’ या निर्णयात अपील मंडळाने खऱ्या लग्नाचे पुरावे कोणते, याची यादी दिली: विम्यावर जोडीदाराचे नाव, दोघांच्या नावचे घरभाडे, एकत्र कर विवरण, जोडखाते, लग्नाआधीच्या गाठीभेटी, ओळखीच्यांच्या साक्षी. आजही अधिकारी साधारण हेच मागतात. ही यादी अमेरिकेतल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या जोडप्यावर बेतलेली. वारज्यातल्या एकत्र कुटुंबात लाइटबिल सासऱ्यांच्या नावावर, फ्लॅट सासूबाईंच्या नावावर, गॅसचे कार्ड आजोबांच्या काळातले. नवरा लग्नानंतर पंधरा दिवसांत परत गेलेला. जोडखाते कशासाठी काढायचे?

अशा वेळी यादीतले कागद नसण्याचे कारण सांगावे लागते आणि त्यांच्या जागी दुसरे ठेवावे लागतात. बायकोच्या खात्यात दरमहा आलेले पैसे, नवऱ्याच्या पासपोर्टवरचे भारतात आल्याचे शिक्के, एकत्र प्रवासाची तिकिटे, व्हॉट्सअ‍ॅप कॉलच्या नोंदी, साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंतचे तारखांसह फोटो, विमा आणि भविष्यनिर्वाह निधीवरचे वारस म्हणून नाव. लग्न कसे ठरले, स्थळ कोणी आणले, मध्यस्थ कोण, दोघे किती वेळा भेटले, हे दोन पानांत सरळ लिहून दिले तर ‘फक्त तीन भेटींत लग्न?’ हा प्रश्न विचारण्याआधीच उत्तर मिळते.

पुरावा किती हवा, याचे माप ठरवणाऱ्या निर्णयाचे नाव मराठी कानाला ओळखीचे वाटेल. २०१० मधला ‘मॅटर ऑफ चवाथे’. प्रकरण लग्नाचे नव्हते. परदेशातल्या नोकरीमुळे अमेरिकेतला वास्तव्याचा सलगपणा तुटू नये, यासाठी केलेल्या अर्जाचे होते. पण त्यात सांगितलेले तत्त्व तेव्हापासून यूएससीआयएसच्या असंख्य निर्णयपत्रांत उद्धृत होते. अर्जदाराने आपले म्हणणे निःसंशय सिद्ध करायचे नसते. ते खोटे असण्यापेक्षा खरे असण्याची शक्यता जास्त आहे, इतके दाखवले की पुरे. आणि पुरावा तोलताना कागदांच्या गठ्ठ्यापेक्षा त्यांचा कस पाहायचा. चांगला वकील अपिलात नेमके याच ठिकाणी बोट ठेवतो, की अधिकाऱ्याने कायद्याने ठरवलेल्या मापापेक्षा मोठे माप लावले.

नकाराआधी बहुधा एक पत्र आलेले असते. ‘आणखी पुरावा द्या’ असे असेल तर जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात. ‘नाकारण्याचा विचार आहे’ असे असेल तर ३० दिवस. वकिलाला पैसे द्यायचेच असतील तर त्याची सर्वांत योग्य वेळ हीच. नकारानंतर तीच फाइल सावरणे महाग जाते.

पुण्याकडच्या लग्नांतून उगवणाऱ्या आणखी तीन अडचणी वकिलांच्या टेबलावर येतात. पहिली, आधी नोंदणी आणि सहा महिन्यांनी मांडव. व्हिसाची प्रक्रिया लवकर सुरू व्हावी म्हणून दोघे नोंदणी उरकून घेतात, पण मधल्या काळात दुसऱ्या एखाद्या फॉर्मवर मुलगी स्वतःला ‘अविवाहित’ लिहिते, कारण घरच्यांच्या लेखी अक्षता अजून पडलेल्या नसतात. महाराष्ट्रातील १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालच्या ज्ञापनावर वधूवर, तीन साक्षीदार आणि भटजी यांच्या सह्या असतात. त्यावरची लग्नाची तारीख आणि पत्रिकेवरची तारीख जुळली नाही तर खुलासा तयार हवा. दुसरी, करोनाच्या काळात रुजलेली व्हिडिओवरची लग्ने. अमेरिकी कायद्यानुसार विधीच्या वेळी वधूवर एकमेकांसमोर प्रत्यक्ष हजर नसतील, तर नंतर ते एकत्र येऊन वैवाहिक संबंध झाल्याशिवाय ते लग्न व्हिसासाठी धरले जात नाही. तिसरी, पहिल्या लग्नाचा निकाल. हिंदू विवाह कायद्याचे कलम २९(२) रूढीने मिळणारा घटस्फोट मान्य करते. पण जातपंचायतीसमोर झालेल्या काडीमोडीचा स्टॅम्पपेपर पुरावा म्हणून ठेवला तर ती रूढी त्या समाजात खरोखर आहे, हेही सिद्ध करावे लागते. कोर्टाचा हुकूमनामा हाती असेल तर ही कटकट उरत नाही. इथे पुण्यातल्या कुटुंब न्यायालयात काम करणारा वकील अमेरिकेतल्या वकिलाइतकाच कामाचा ठरतो.

संशयाचा कायदा

अमेरिकी अधिकारी लग्नाकडे इतक्या संशयाने का पाहतो, याला एक इतिहास आहे. १९८५ मध्ये तेव्हाच्या इमिग्रेशन खात्याचे आयुक्त अ‍ॅलन नेल्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की लग्नावर आधारलेल्या सुमारे ३० टक्के अर्जांत काहीतरी काळेबेरे आहे. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, लग्नातील फसवणुकीविरुद्धचा कायदा झाला. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आला. लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळाले तर ते दोन वर्षांपुरते आणि सशर्त, ही पद्धतही तेव्हाचीच. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत ‘आय-७५१’ भरून अट काढून घ्यावी लागते.

त्या ३० टक्क्यांचे काय झाले? १९९० मध्ये ‘मनवानी’ नावाच्या खटल्यात उत्तर कॅरोलायनातल्या संघीय न्यायालयापुढे उघड झाले की त्या आकड्यामागच्या पाहणीला संख्याशास्त्राचा आधारच नव्हता. आकडा अधिकाऱ्यांना वाटलेल्या संशयाचा होता, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा नव्हे. हद्दपारीची सुनावणी चालू असताना लग्न करणाऱ्यांना दोन वर्षे देशाबाहेर राहायला लावणारे १९८६ च्या कायद्यातले कलम १९९० मध्येच अमेरिकी काँग्रेसने सौम्य केले. बाकी कायदा राहिला.

त्याच्या जोडीला आहे कलम २०४(सी). पूर्वी कधीही इमिग्रेशनसाठी खोटे लग्न केले किंवा करण्याचा कट केला असे खात्याने ठरवले, की त्या व्यक्तीसाठी पुढचा कोणताही आय-१३० मंजूर होत नाही. दुसरे लग्न शंभर नंबरी खरे असले, त्यातून मुले झाली असली, तरीही नाही. यावर माफीची तरतूद नाही. म्हणूनच खात्यालाही इथे जास्त पुरावा द्यावा लागतो. २०१९ च्या ‘पी. सिंग’ निर्णयात अपील मंडळाने सांगितले की खोटेपणा नुसता ‘बहुधा’ असून चालणार नाही, त्याहून भक्कम दिसला पाहिजे. नकारपत्रात ‘पुरावा अपुरा’ असे आहे की ‘२०४(सी)’, हे पाहणे त्यामुळे अत्यंत महत्त्वाचे. पहिल्यात नवा, नीट भरलेला अर्ज हा अपिलापेक्षा जलद उपाय असू शकतो. दुसऱ्यात अपील सोडून नवा अर्ज करणे म्हणजे त्याच भिंतीवर पुन्हा डोके आपटणे.

मुंबईतल्या अधिकाऱ्याला संशय आला तर तो मंजूर आय-१३० परत यूएससीआयएसकडे पाठवू शकतो. मग ‘मंजुरी रद्द करण्याचा विचार आहे’ अशी नोटीस अमेरिकेतल्या जोडीदाराच्या पत्त्यावर जाते. नवऱ्याने मधल्या काळात घर बदलले आणि नवा पत्ता कळवला नाही, तर उत्तराची मुदत पत्रपेटीतच संपते.

चुकीची एक खूण

चिठ्ठीवर २२१(जी) ऐवजी कलम २१२ असेल तर अडचण अपात्रतेची, आणि तिच्या अनेक जाती आहेत. पूर्वी अमेरिकेत १८० दिवसांहून अधिक पण वर्षाच्या आत बेकायदा राहून परतलेल्याला तीन वर्षे बंदी, वर्ष किंवा त्याहून अधिक राहिलेल्याला दहा वर्षे. व्हिसासाठी महत्त्वाची बाब खोटी सांगितली तर बंदी जन्मभराची. या दोन्हींत ‘आय-६०१’ हा माफीचा अर्ज करता येतो. अमेरिकेतल्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला अथवा आईवडिलांना या ताटातुटीने असाधारण हाल सोसावे लागतील, हे त्यात दाखवायचे असते. नुसता विरह पुरत नाही. नवऱ्याचे आजारपण, त्याच्यावर अवलंबून असलेली मुले किंवा आईवडील, भारतात येऊन त्याला तोच व्यवसाय करता येईल का, या प्रत्येक गोष्टीचे कागद लागतात. हा अर्ज अनुभवी वकिलाने बांधायचा असतो.

स्वतःला अमेरिकी नागरिक म्हणवून घेतल्याचा ठपका बसला तर अशी माफीही नाही. पंकजकुमार पटेल यांचे प्रकरण त्यासाठी वाचावे. अनेक वर्षे जॉर्जियात राहिलेल्या या गुजराती गृहस्थांनी वाहन परवान्याच्या अर्जावर ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण केली. आपण चुकून केली, असे त्यांचे म्हणणे. न्यायाधीशाला ते पटले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: अशा प्रकरणातले तथ्य इमिग्रेशन न्यायाधीशाने चुकीचे ठरवले असले तरी संघीय न्यायालये ते तपासू शकत नाहीत.

न्यायालयाचे अरुंद दार

‘सुप्रीम कोर्टात जाऊ’ ही आपल्याकडची शेवटची धमकी. अमेरिकी व्हिसाच्या बाबतीत तिला फारसे दात नाहीत. वकिलातीतल्या अधिकाऱ्याने दिलेला नकार न्यायालय तपासत नाही, हे तिथले जुने तत्त्व आहे.

सँड्रा म्युनोझ लॉस एंजेलिसमधल्या वकील, कामगारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, अमेरिकी नागरिक. २०१० मध्ये त्यांनी एल साल्वादोरच्या लुईस असेन्सियो-कोर्देरो यांच्याशी लग्न केले. २०१५ मध्ये ते मुलाखतीसाठी मायदेशी गेले आणि तिथेच अडकले. नकारात फक्त कलम होते, कारण नव्हते. अंगावरच्या गोंदणांवरून ते एका गुन्हेगारी टोळीचे असल्याचा संशय घेतला गेला, हे पुढे खटल्यातून बाहेर आले. ती गोंदणे टोळीची नाहीत, असे तज्ज्ञाने लिहून दिले होते. तरी २१ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की परदेशी जोडीदाराला देशात आणणे हा नागरिकाचा घटनात्मक मूलभूत हक्क नाही. वकील असलेल्या पत्नीलाही नकाराचे कारण मिळवायला वर्षे लागली, हे वारज्यातल्या जोडप्याने लक्षात ठेवावे.

त्याच वर्षी १० डिसेंबरला ‘बुआर्फा’ खटल्यात नऊही न्यायमूर्तींनी एकमताने ठरवले की मंजूर केलेला आय-१३० मागाहून रद्द करणे हा खात्याच्या मर्जीचा भाग आहे, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येत नाही. पण त्याच निकालात एक फट दाखवलेली आहे. पुन्हा नवा आय-१३० भरावा. तो फेटाळला गेला तर त्या नकाराला न्यायालयात आव्हान देता येते. जाणते वकील आता हा वळसा घेतात. नकारच नाही आणि निर्णयही नाही, अशा वर्षानुवर्षांच्या लटकंतीसाठी मात्र संघीय न्यायालयात ‘मँडॅमस’ दाखल करून निर्णय द्यायला भाग पाडण्याचा मार्ग आहे. न्यायालय ‘निर्णय द्या’ म्हणते, ‘होकार द्या’ म्हणत नाही.

हे दार अरुंद वाटले तरी लग्नाने इमिग्रेशनचा मार्ग मिळतो, हेच मुळात भारतीयांसाठी नवे आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय ‘गोरे’ नसल्याने नागरिक होऊ शकत नाहीत असे ठरले. तेव्हाच्या केबल कायद्यानुसार अशा परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचेच नागरिकत्व जाई. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांना तो फटका बसला. भारतीयांना नागरिकत्व खुले झाले ते १९४६ मध्ये, तेही स्थलांतरासाठी वर्षाला १०० जणांच्या कोट्यासह.

मदत कोणाची घ्यावी?

अमेरिकेत इमिग्रेशन कायदा संघराज्याचा आहे. त्यामुळे कोणत्याही एका राज्यात सनद असलेला वकील देशातल्या कुठल्याही जोडप्याचे काम करू शकतो. त्याची सनद चालू आहे का, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे त्या राज्याच्या बार असोसिएशनच्या नोंदीत बहुधा फुकट तपासता येते. १९४६ पासून चालत आलेली ‘अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशन’ या विषयातल्या वकिलांची नावे देते. वकिलाखेरीज न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधीही असतात. ते ना-नफा संस्थांतून, बहुधा कमी शुल्कात काम करतात. दोघांनाही ‘जी-२८’ हा फॉर्म सही करून सादर करावा लागतो. त्यावर सही करायला जो तयार नाही आणि तरी फॉर्म भरून देतो, तो नंतर हात वर करणार हे ओळखावे.

पुण्यातल्या कन्सल्टंटचे काम कागद लावणे, अपॉइंटमेंट घेणे इतपत ठीक. कोणत्या कलमाखाली कोणता अर्ज करावा हा सल्ला देण्याचा अधिकार त्याला नाही, आणि ‘वकिलातीत आपली सेटिंग आहे’ म्हणणारा सरळ फसवतो आहे. अशाने पैसे उकळले तर पावत्या, बँकेच्या नोंदी आणि मेसेज घेऊन पोलिसांत फसवणुकीची तक्रार करता येते. भारतीय सनदेच्या वकिलाला अमेरिकेबाहेरच्या कामांत अमेरिकी अधिकाऱ्याच्या परवानगीने बाजू मांडण्याची मर्यादित मुभा नियमांत आहे, पण मुलाखतीच्या खिडकीशी सहसा कोणताच वकील नसतो.

चांगला वकील पहिल्या भेटीत आश्वासन देत नाही, कागद मागतो. नकारपत्र, आधी भरलेला प्रत्येक फॉर्म, जुने व्हिसाअर्ज. ते घरी नसतील तर माहितीच्या अधिकारासारख्या तिथल्या ‘फोया’ कायद्याखाली यूएससीआयएसकडून फाइल मागवतो. वकिलातीच्या नोंदी मात्र गोपनीय असतात आणि या मार्गाने फारशा हाती लागत नाहीत. अधिकाऱ्याने कायद्याचा अर्थच चुकीचा लावला असेल तर परराष्ट्र खात्याच्या ‘लीगलनेट’ या विभागाला लिहिता येते. तिथे तथ्यांवर वाद घालता येत नाही, कायद्याच्या मुद्द्यावर येतो.

आणखी एक प्रश्न घरात अवघडलेपणाने टाळला जातो: वकील कोणाचा? फी नवरा भरतो, अर्ज नवऱ्याचा, तेव्हा वकील दोघांचा असला तरी सूचना नवऱ्याच्या चालतात. संसार सुरळीत असेल तर बिघडत नाही. पण अमेरिकेत पोचलेल्या बायकोला मारहाण होत असेल आणि ‘पेपर्स मागे घेईन’ ही धमकी असेल, तर तिला स्वतंत्र वकील हवा. १९९४ च्या ‘व्हावा’ कायद्याने छळ झालेल्या जोडीदाराला नवऱ्याला न कळवता स्वतःच ‘आय-३६०’ अर्ज करण्याचा हक्क दिला. छळ अमेरिकेत झाला असेल तर भारतात परतल्यावरही तो करता येतो. सशर्त कार्डाची अट काढण्यासाठीही छळाच्या किंवा घटस्फोटाच्या कारणाने एकटीला अर्ज करता येतो. न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून आणि न्यूयॉर्कमधली ‘सखी’ १९८९ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हे काम करतात. नवऱ्याने भारतातच टाकून दिले असेल तर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे तक्रार करता येते.

पुढच्या फॉर्मवरचा प्रश्न

नकार मिळाल्यावर अनेक घरांत एक पर्याय सुचतो: ‘तोवर टुरिस्ट व्हिसावर तरी जाऊन ये.’ पर्यटक व्हिसाच्या ‘डीएस-१६०’ फॉर्मवर दोन प्रश्न असतात. तुम्हाला कधी अमेरिकी व्हिसा नाकारला गेला आहे का? तुमच्यासाठी कोणी कधी स्थलांतराचा अर्ज केला आहे का? वारज्यातल्या त्या मुलीसाठी दोन्हींचे उत्तर ‘हो’ आहे. ‘हो’ लिहिले तर ती परत येणार नाही असे धरून २१४(बी) खाली नकार मिळण्याची शक्यता मोठी, पण तो नकार पुढच्या ग्रीन कार्डाच्या आड येत नाही. एजंटच्या सांगण्यावरून ‘नाही’ लिहिले तर दोन्ही नोंदी अधिकाऱ्याच्या संगणकावर समोर असतात. जे प्रकरण कालपर्यंत २२१(जी) खाली एका दाखल्यावाचून अडले होते, त्यावर आता २१२(ए)(६)(सी) हे खोट्या माहितीचे कलम लागते, आणि कागद पुरा करण्याऐवजी नवऱ्याला आय-६०१ साठी वकील शोधावा लागतो.